चाळीस जणांसाठी थिन क्लायंट घेताना सर्व्हरच्या आधी काय मोजायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. चाळीस जणांचं ऑफिस, डेस्कटॉप सात-आठ वर्षांचे झालेत, दर आठवड्याला एखादा बंद पडतो. विक्रेत्याने सुचवलंय की टेबलांवर थिन क्लायंट (सर्व्हरचा पडदा दाखवणारे छोटे कॉम्प्युटर) ठेवा, आत एक दणकट सर्व्हर बसवा, सगळे त्याच्यावरच काम करतील. आठ जण घरून काम करतात, त्यांनाही तोच डेस्कटॉप हवाय. विचारणाऱ्यांना तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: सर्व्हर केवढा घ्यायचा, एकच पुरेल का, आणि घरून येणाऱ्यांसाठी राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट उघडला तर चालेल का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तो पोर्ट आज उघडा असेल तर आजच बंद करायला हवा. आरडीपी म्हणजे रिमोट डेस्कटॉपचा प्रोटोकॉल. त्याचा ३३८९ पोर्ट थेट इंटरनेटवर ठेवला की तो फार लवकर सापडतो आणि पासवर्डचा मारा सुरू होतो. नंबर बदलल्याने लॉगमधली गर्दी तेवढी कमी होते, शोधणारे बाकीचे पोर्टही चाळतात. मे २०१९ मध्ये ब्लूकीप नावाची त्रुटी उघड झाली, तिला तर पासवर्डही लागत नव्हता, लॉगिनच्या आधीच आत शिरता येत होतं. मायक्रोसॉफ्टने तेव्हा सपोर्ट संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा पॅच काढला, यावरून ती किती गंभीर होती ते समजतं. ज्या मशीनवर नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन (डेस्कटॉप उघडण्याआधीच ओळख तपासणं) चालू होतं, तिथे हल्ला करणाऱ्याला आधी एखादं खरं खातं हाताशी लागत होतं. ते ऑथेंटिकेशन कधीही बंद करू नका, जुना क्लायंट जोडला जात नाही म्हणून तर मुळीच नाही.

घरच्या आठ जणांना दोन चांगले रस्ते आहेत. एक व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतची बंदिस्त वाट, दुसरा रिमोट डेस्कटॉप गेटवे, जो ४४३ पोर्टवर एचटीटीपीएसमधून आरडीपी नेतो. कुठलाही घ्या, पण पासवर्डसोबत फोनवरची दुसरी पडताळणी सक्तीची ठेवा. गेटवे घेतलात तर फायरवॉलवर यूडीपी ३३९१ सुद्धा उघडा, लोक हा हमखास विसरतात. मग सगळी जोडणी टीसीपीवरून, म्हणजे हरवलेला डेटा परत मागवत थांबणाऱ्या पद्धतीने, चालते आणि घरचं वायफाय जरा डळमळलं की पडदा गोठतो. घरच्या कॉम्प्युटरची ड्राइव्ह सेशनमध्ये, म्हणजे सर्व्हरवर चाललेल्या डेस्कटॉपमध्ये, दिसू देऊ नका. मुलांच्या खेळांनी भरलेल्या त्या मशीनवरून फाइल सरळ ऑफिसच्या सर्व्हरवर येण्याची सोय कुणालाच नको असते. जुन्या व्यवस्थेत एक डेस्कटॉप गेला तर एकाचं नुकसान व्हायचं, इथे चाळीस जणांची टेबलं एकाच खोलीत आहेत. या बाबतीत मी कुणाशीच तडजोड करत नाही.

आता मूळ विषय. तुमच्या पत्रात सर्व्हर, रॅम, कोअर यांची यादी आहे, पण लोक दिवसभर नेमकं काय करतात त्याची एक ओळही नाही. माझ्या अनुभवात अशा योजना प्रोसेसर कमी पडून फसत नाहीत. त्या अडतात कडेला: टाइप केलेलं अक्षर उशिरा दिसतं, सकाळचं लॉगिन रेंगाळतं, प्रिंट दुसऱ्याच मजल्यावर निघते, स्कॅनर दिसत नाही. लोकांचा विश्वास तिथे उडतो, आणि एकदा उडाला की सर्व्हर दुप्पट केला तरी परत येत नाही.

ही यंत्रणा चालते कशी ते समजून घेतलं तर बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजारांच्या वर ठिपके असतात. एका ठिपक्याला तीन बाइट धरले तर एक चित्र सहा एमबीच्या पुढे जातं. सेकंदाला अशी ३० चित्रं कच्च्या स्वरूपात पाठवायची म्हटली तर एका माणसाला जवळपास दीड गिगाबिट लागेल. म्हणून आरडीपी असो, सिट्रिक्सचा प्रोटोकॉल असो की पीसीओआयपी, प्रत्येकाची खटपट एकच: पडद्याचा बदललेला तुकडाच पाठवायचा, तोही दाबून. ईमेल लिहिणाऱ्याचा पडदा सेकंदभरात जेमतेम एका ओळीने बदलतो, त्यामुळे त्याला काहीशे किलोबिट पुरतात. तोच माणूस व्हिडिओ लावतो तेव्हा पडद्याचा मोठा भाग सतत बदलत राहतो आणि आकडा कित्येक मेगाबिटवर जातो. ऑफिसच्या आतल्या केबलवर याची काळजी नसते, सर्व्हरकडे गिगाबिट किंवा दहा गिगाबिटची वाट असली की झालं. घरच्या आठ जणांसाठी मात्र ऑफिसच्या लाइनचा अपलोड बघा, कारण पडदा ऑफिसकडून त्यांच्याकडे जातो. डाउनलोडच्या मोठ्या आकड्याचा इथे उपयोग नाही.

बँडविड्थपेक्षा जास्त जाणवतो तो उशीर. कळ दाबली की तो संदेश सर्व्हरला जातो, तिथे अक्षर उमटतं, बदललेला तुकडा दाबला जातो, परत येतो, थिन क्लायंट तो उलगडतो आणि मग डोळ्याला दिसतं. फायबरमध्ये प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो, म्हणजे हजार किलोमीटरवरच्या डेटा सेंटरला जाऊन येण्यातच किमान १० मिलिसेकंद जातात. वाटेतले राउटर त्यात आपली भर घालतात. माझा ढोबळ अनुभव असा: जाऊन-येऊन ५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बहुतेकांना फरक कळत नाही, १०० पर्यंत सवय होते, १५० च्या पुढे माणसं कुरकुरायला लागतात. वेगाने टाइप करणाऱ्याला त्याच्याही आधी टोचायला लागतं.

आणि नुसत्या पिंगवर, म्हणजे एक छोटं पॅकेट जाऊन यायला लागलेल्या वेळेवर, विसंबू नका. एका ऑफिसमध्ये अकाउंट्सच्या बाई तक्रार करत होत्या की आकडे मागून येतात. आयटीच्या मुलाने पिंग करून दाखवलं, १ मिलिसेकंद, आणि प्रश्न मिटला असं गृहीत धरलं. मी त्यांच्या शेजारी खुर्ची घेऊन बसलो. त्या व्हाउचरवर नजर ठेवून उजव्या हाताने नंबर पॅडवर आकडे मारत होत्या, पडद्याकडे बघतही नव्हत्या, रकाना संपला की एकदा मान वर करायच्या. ती मान वर केल्यावर पडद्यावर चार आकडे असायचे, मग अर्ध्या सेकंदाने बाकीचे पाच एकदम झुबक्याने यायचे. त्यामुळे दर रकान्याला त्या थांबायच्या, खात्री करायच्या, मग पुढे जायच्या. दिवसाला शेकडो रकाने. “हात चालतोय, पण मन अडकतंय,” असं त्या म्हणाल्या, आणि याहून नेमकं वर्णन मी कुठल्या तांत्रिक अहवालात वाचलेलं नाही.

अक्षरं झुबक्याने येणं ही खूण महत्त्वाची. सतत सारखा उशीर असेल तर अंतर किंवा सर्व्हर, झुबके येत असतील तर बहुतेक वेळा पॅकेट हरवतायत आणि टीसीपी ती परत मागवतोय. त्यांच्या टेबलाचा स्विच पोर्ट कुणीतरी पूर्वी १०० मेगाबिट फुल डुप्लेक्सवर (दोन्हीकडून एकाच वेळी रहदारी) बांधून ठेवला होता. थिन क्लायंट ऑटोवर होता. समोरून वाटाघाटीचा संकेत न आल्याने तो हाफ डुप्लेक्सवर (एका वेळी एकाच बाजूने) गेला. अशा जोडणीत पिंगसारखं एकेकटं छोटं पॅकेट छान जातं, दोन्हीकडून एकदम रहदारी सुरू झाली की टकरी होतात. दोन्ही टोकं ऑटोवर केली आणि पाच मिनिटांत तक्रार संपली. त्याच ऑफिसात नवा सर्व्हर घेण्याचं कोटेशन तोपर्यंत मंजुरीला गेलं होतं. तेव्हा स्विचच्या पोर्टवरचे एररचे आकडे सगळ्यात आधी वाचा.

उशिराचं दुसरं कारण खुद्द थिन क्लायंट असू शकतो. नव्या प्रोटोकॉलमध्ये चित्र बऱ्याचदा एच.२६४ या व्हिडिओ दाबण्याच्या पद्धतीने दाबलेलं येतं. क्लायंटमध्ये ते उलगडायला हार्डवेअर नसेल तर त्याचा छोटा प्रोसेसर दोन मॉनिटरांवर दमतो. खरेदीआधी दोन मॉनिटर लावून, व्हिडिओ चालवून, त्याच वेळी टाइप करून बघा. आणि लाल किंवा निळी बारीक अक्षरं कडेला फाटल्यासारखी दिसली तर समजा की रंगाची माहिती काटकसरीत कमी होऊन येतेय. आरडीपीच्या दहाव्या आवृत्तीपासून पूर्ण रंगाचा, ४:४:४ चा पर्याय आहे, तो लावता येतो, पण क्लायंटला तो झेपायला हवा. दिवसभर स्प्रेडशीट वाचणाऱ्यांच्या डोळ्यांसाठी एवढं तपासणं आपलं कर्तव्यच आहे.

सर्व्हर केवढा घ्यायचा? मायक्रोसॉफ्ट आपल्या क्लाउडवरच्या सामायिक डेस्कटॉपसाठी असा ढोबळ अंदाज देते की एका व्हर्च्युअल प्रोसेसरवर हलकं काम करणारे ६ जण, मध्यम काम करणारे ४ आणि जड काम करणारे २ बसतात. तुमचे चाळीस जण मध्यम धरले तर १० व्हर्च्युअल प्रोसेसर. हा आकडा बघून लोकांना आश्चर्य वाटतं, कारण विक्रेत्याने त्यांना भलताच मोठा आकडा सांगितलेला असतो. प्रोसेसर सहसा पुरतो. रॅम खातो ब्राउझर. पूर्वी एका सेशनला १ जीबीत भागायचं, आता वीस टॅब उघडे ठेवणारा माणूस एकटा ३-४ जीबी घेतो. मी माणशी ४ जीबी धरतो आणि वर विंडोजसाठी १६ जीबी ठेवतो.

मग तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: एकच मोठा नको. तीन मध्यम घ्या, प्रत्येकी २० जणांना पुरेल एवढे. रोज प्रत्येकावर तेरा-चौदा जण असतील. एक बंद पडला तर उरलेले दोघं मिळून चाळीस पेलतील. प्रत्येकी २० गुणिले ४ म्हणजे ८० जीबी, वरचे १६ धरून ९६, सोयीसाठी १२८ घ्या. पॅच टाकायचे असतील तेव्हाही याचा फायदा होतो: एका सर्व्हरवर नवे लॉगिन बंद करायचे, लोक संध्याकाळी निघून गेले की पॅच टाकून रीस्टार्ट करायचा, सकाळी तो परत रांगेत. एकच सर्व्हर असेल तर प्रत्येक पॅचसाठी रविवार शोधावा लागतो आणि हळूहळू पॅच टाकणंच थांबतं. अशी थांबलेली ठिकाणं मी पाहिली आहेत. सेशन कुठल्या सर्व्हरवर द्यायचं आणि तुटलेल्या माणसाला त्याच्या जुन्याच सेशनवर परत कसं न्यायचं, हे कनेक्शन ब्रोकर बघतो. पण ब्रोकर, डोमेन कंट्रोलर (खाती आणि पासवर्ड तपासणारा) आणि प्रोफाइलची (प्रत्येकाच्या सेटिंग आणि फाइलींची) साठवण हे तिन्ही एकाच मशीनवर ठेवलंत तर तीन सर्व्हर घेण्याला अर्थ उरत नाही. ती मशीन बसली की सगळे बसले.

डिस्कबद्दल जरा थांबून सांगतो, कारण पैसे वाचवायला लोक नेमके तिथेच हात घालतात. एका ठिकाणी सकाळी साडेनऊला पस्तीस जण पाच मिनिटांच्या आत लॉगिन करायचे. लॉगिनला चार-चार मिनिटं. सर्व्हरचा प्रोसेसर २० टक्क्यांच्या वर जात नव्हता, रॅम निम्मी रिकामी, त्यामुळे आकडे बघणाऱ्याला सर्व्हर आळसावलेला वाटायचा. डिस्कची रांग उघडून पाहिली तर तिथे सगळं साचलेलं होतं. फिरणारी ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला शंभराच्या आसपासच विखुरलेली वाचनं-लेखनं करू शकते, आणि लॉगिन म्हणजे हजारो छोट्या फाइलींची उलाढाल. एसएसडी घातल्यावर तेच लॉगिन अर्ध्या मिनिटाच्या आत आलं, बाकी काहीही बदललं नव्हतं. अँटीव्हायरसचं रोजचं पूर्ण स्कॅनही सगळ्या सर्व्हरांवर एकाच वेळी लावू नका, त्याचा परिणाम अगदी असाच होतो.

प्रोफाइल ही दुसरी जागा. जुन्या रोमिंग प्रोफाइलमध्ये लॉगिनला सगळ्या फाइली सर्व्हरवर उतरतात आणि निघताना परत जातात. कुणीतरी डेस्कटॉपवर लग्नाचे व्हिडिओ ठेवतं आणि त्याचं लॉगिन सगळ्यांच्या आधी सुरू होऊन सगळ्यांच्या शेवटी संपतं. त्याऐवजी प्रोफाइल एका आभासी डिस्कच्या फाइलमध्ये ठेवून ती जोडायची, ही पद्धत आता रुळली आहे. एफएसलॉजिक्स हेच करतं, २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली. यात एक खोच आहे: जुनं सेशन नीट बंद झालं नसेल तर ती फाइल अडकून राहते आणि माणसाला तात्पुरता कोरा डेस्कटॉप मिळतो. तो घाबरतो, त्याला वाटतं सगळं गेलं. पहिल्याच दिवशी लोकांना सांगून ठेवा की कोरा डेस्कटॉप दिसला तर काहीही सेव्ह न करता लगेच फोन करा.

यावरूनच सेशन बंद करण्याचा मुद्दा. खिडकीची फुली दाबली किंवा थिन क्लायंटचं बटण बंद केलं की सेशन तुटतं, संपत नाही. ते सर्व्हरवर सगळ्या टॅबांसकट जिवंत असतं. शुक्रवारी असे चाळीस जण गेले तर सोमवारी सर्व्हर उठतो तो भरलेल्या रॅमनेच. म्हणून तुटलेल्या सेशनला मुदत लावा. पण मुदत पंधरा मिनिटांची लावू नका, कारण या व्यवस्थेतला सगळ्यात मोठा लाभ त्या तुटलेल्या सेशनमध्येच आहे. एकदा एका बाईंचा थिन क्लायंट त्या पत्र लिहीत असतानाच मेला. कपाटातला दुसरा आणला, तीन केबल जोडल्या, त्यांनी पासवर्ड टाकला. कर्सर त्याच वाक्यात, त्याच अर्धवट शब्दापाशी लुकलुकत होता. चार मिनिटंही गेली नसतील. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्यासाठी मी हे काम इतकी वर्षं करतोय. मी मुदत सहसा तीन ते चार तासांची ठेवतो आणि रात्री उरलेली सेशन बंद करतो. रात्रभर काही चालवणाऱ्यांची नावं आधी विचारून घेतो.

लायसन्सबद्दल कोटेशनमध्ये एक ओळ शोधा: आरडीएस कॅल, म्हणजे रिमोट डेस्कटॉप वापरण्याचे परवाने. विंडोज सर्व्हरचं लायसन्स आणि नेहमीचे कॅल घेतले तरी रिमोट डेस्कटॉपचे कॅल वेगळे लागतात. बसवल्यावर १२० दिवस ते नसतानाही सगळं बिनबोभाट चालतं. एका ठिकाणी बसवणाऱ्याने काम सुरू करून दिलं, पैसे घेतले आणि तो गेला. १२१ व्या दिवशी सकाळी कुणालाच लॉगिन होईना, आणि ऑफिसात कुणालाच कारण माहीत नव्हतं. कॅल दोन प्रकारचे असतात. दोन पाळ्यांत तीच टेबलं वापरली जात असतील तर डिव्हाइसमागे घेतलेले स्वस्त पडतात. एकच माणूस ऑफिसात थिन क्लायंटवर आणि घरी लॅपटॉपवर येत असेल तर माणसामागे घ्या. तुमच्या आठ जणांना दुसरा प्रकार बरा.

बाकीच्या सॉफ्टवेअरवाल्यांनाही लेखी विचारा की त्यांचा प्रोग्रॅम एकाच सर्व्हरवर अनेकांनी एकदम वापरला तर चालतो का. काही जुने प्रोग्रॅम आपली सेटिंग स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहितात. मग एकाने प्रिंटर बदलला की दुसऱ्याचाही बदलतो. यूएसबी डोंगलवर चालणाऱ्यांचं तर आधी सर्व्हरला डोंगल लावून, दोन वेगळ्या सेशनमधून उघडून बघितल्याशिवाय काहीही ठरवू नका.

प्रिंटर. इथे सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि तो आधीच धरून चाला. विंडोजवरून जोडणाऱ्याला इझी प्रिंट ही रिमोट डेस्कटॉपमधली सोय बरीच मदत करते, घरच्या प्रिंटरचा ड्रायव्हर सर्व्हरवर न टाकता काम भागतं. लिनक्स असलेल्या थिन क्लायंटवर बहुधा तो आधार नसतो. तिथे प्रिंटर नेटवर्कवर घेऊन, प्रिंट सर्व्हरमधून द्यायचा हा सरळ रस्ता. दोन किंवा तीनच ड्रायव्हर ठेवा, पंचवीस नको. एक वाईट ड्रायव्हर स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारा प्रोग्रॅम) पाडतो आणि त्या सर्व्हरवरच्या सगळ्यांची छपाई एकदम थांबते. लेबल प्रिंटर आणि डॉट मॅट्रिक्स यांना कच्चा मजकूर हवा असतो, त्यांची चाचणी खऱ्या कागदावर, खऱ्या लेबलवर घ्या. स्कॅनर मात्र सेशनमध्ये यूएसबीने ओढून आणायच्या भानगडीत पडू नका. नेटवर्कच्या फोल्डरमध्ये थेट पीडीएफ टाकणारा स्कॅनर घ्या, पुढची कटकट वाचेल.

कीबोर्डचंही एक सांगतो. आरडीपी साधारणपणे कळेचा क्रमांक पाठवतो, अक्षर नव्हे. अक्षर कुठलं ते सर्व्हरवरच्या सेशनचा लेआउट ठरवतो. रोमनऐवजी दुसऱ्या लिपीत टाइप करणाऱ्यांनी लेआउट सेशनच्या आत बदलायचा, बाहेर थिन क्लायंटवर तो मूळ इंग्रजीच ठेवायचा. दोन्हीकडे बदलला की अक्षरं भलतीच उमटतात.

व्हिडिओ मीटिंग: आवाज आणि चित्र सर्व्हरवरून फिरवलं तर कॅमेऱ्याचं चित्र आधी क्लायंटकडून सर्व्हरला जातं, मग तिथून मीटिंगला, आणि समोरच्याचं त्याच वाटेने उलट येतं. उशीर दुप्पट, आणि सर्व्हरचा प्रोसेसर चित्रं दाबण्या-उलगडण्यात जातो. चांगल्या मीटिंग सॉफ्टवेअरमध्ये अशी सोय असते की खिडकी सेशनमध्ये दिसते पण चित्र-आवाज थिन क्लायंटवरून थेट जातो. तुमचं सॉफ्टवेअर आणि तुमचा नेमका थिन क्लायंट ही जोडी त्या यादीत आहे का ते बघा. नसेल तर दहा जणांच्या मीटिंगने इतर तीस जणांचं काम मंद होईल.

थिन क्लायंट म्हणजे देखभाल शून्य, हे ऐकून विश्वास ठेवू नका. त्यातही ऑपरेटिंग सिस्टिम असते, तिला अपडेट लागतात, तिचाही सपोर्ट एक दिवस संपतो. विंडोजवाल्या थिन क्लायंटमध्ये राइट फिल्टर असतो, त्यामुळे रीस्टार्ट केल्यावर केलेला प्रत्येक बदल पुसला जातो. सुरक्षेला ते फार चांगलं आहे, पण फिल्टर न उघडता टाकलेला अपडेटही पुसला जातो आणि महिनाभराने कळतं की काहीच अपडेट झालेलं नाही. आतली छोटी बॅटरी संपली की घड्याळ मागे जातं, मग सर्टिफिकेट चुकीचं वाटून जोडणीच नाकारली जाते, आणि माणूस पासवर्ड बदलत बसतो. क्लायंटला वेळ नेटवर्कवरून मिळेल अशी व्यवस्था करा. सगळे क्लायंट एका जागेवरून सांभाळता येतील असं व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर बरोबर येतंय का, हेही विचारा. आणि यूपीएस सर्व्हरला असतो तसा मजल्यावरच्या स्विचलाही हवा.

जुने डेस्कटॉप लगेच फेकू नका. त्यातले धड असलेले पंधरा-वीस निवडा, हार्ड डिस्क काढा, नेटवर्कवरून लिनक्स बूट करून त्यात फ्रीआरडीपी (आरडीपीने जोडणारा मोफत प्रोग्रॅम) चालवा, झाला थिन क्लायंट. चाचणीसाठी तर हे उत्तमच. लिनक्सकडे याची परंपरा जुनी आहे: एमआयटीमध्ये १९८४ मध्ये सुरू झालेली एक्स विंडो सिस्टिम मुळातच पडदा एकीकडे आणि प्रोग्रॅम दुसरीकडे अशी होती. १९९९ च्या सुमाराचा लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट, म्हणजे एलटीएसपी, अजून चालू आहे, फक्त आता तो प्रोग्रॅम बहुधा टेबलावरच्या मशीनवर चालवतो आणि बूट, होम फोल्डर, खाती मध्यवर्ती ठेवतो. विंडोजच्या बाजूला सिट्रिक्सने १९९५ मध्ये विनफ्रेम आणलं, १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टने एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती काढली. तुमच्या लोकांचं काम पूर्णपणे ब्राउझरमध्ये होत असेल तर विंडोजची गरज आहे का, हाही प्रश्न एकदा विचारून बघा. एक्सआरडीपी किंवा एक्सटूगो (दुरून डेस्कटॉप देणारे प्रोग्रॅम) लावलेला लिनक्स सर्व्हर तेवढ्या कामाला पुरतो आणि लायसन्सचा खर्च बराच वाचतो.

चाळीसच्या चाळीस जणांना मात्र यात कोंबू नका. त्रिमितीय आराखडे काढणारे, व्हिडिओ कापणारे, दिवसातले पाच तास मीटिंगमध्ये असणारे, सतत प्रवासात असणारे, यांना स्वतंत्र मशीन राहू द्या. त्यांच्यासाठी ग्राफिक्स कार्ड लावलेले सर्व्हर येतात, पण चाळीस जणांच्या ऑफिसात तीन-चार माणसांसाठी तो खटाटोप मला पटत नाही.

आता कामाला लागायचं कसं. एकही सर्व्हर विकत घेण्याआधी पाच जण आणि तीन आठवडे ठरवा. विक्रेत्याकडून एक सर्व्हर वापरून बघायला मागा, त्याला विकायचं असेल तर तो देतो. पाच जण असे निवडा: सगळ्यात वेगाने टाइप करणारा, सगळ्यात जास्त छापणारा, दोन मॉनिटरवाला, घरून येणारा आणि ज्याला नवीन काहीच आवडत नाही तो. शेवटच्याला टाळू नका, त्याच्याइतकी बारीक नजर कुणाचीच नसते. रोज चार आकडे वहीत लिहा: लॉगिनला लागलेले सेकंद, दुपारी चारला एका सेशनची रॅम, डिस्कचा मिलिसेकंदातला उशीर आणि स्विचच्या पोर्टवरचे एरर. रॅमचा आकडा माणशी ४ जीबीच्या खाली आला तर माझ्या हिशेबात तेवढी कपात करा, वर गेला तर वाढवा. आणि तारीख अशी धरा की त्या तीन आठवड्यांत महिनाअखेर येईल, कारण अकाउंट्सचा खरा भार त्याच दोन दिवसांत दिसतो. त्या दोन दिवशी सर्व्हरच्या खोलीत थांबू नका, अकाउंट्सच्या टेबलाशेजारी खुर्ची घेऊन बसा.